धामण पाळावी, ती शेताच्या बांधावर



प्राणी पाळण्याची आवड मनुष्याला फार पुरातन काळापासून आहे. गोठ्यातील गाय, अंगणातील कुत्रा आणि काचेच्या पेटीतील रंगीत मासे ही या आवडीची परिचित रूपे होत. अलीकडे या यादीत एका अनपेक्षित प्राण्याची भर पडली आहे. तो प्राणी म्हणजे साप. युरोप-अमेरिकेत साप पाळण्याचा आणि त्यांची वीण घेण्याचा छंद रुजलेला आहे. त्याच्या चित्रफिती आता वसई-विरारसारख्या भागातील शाळकरी मुलांपर्यंतही मोबाईलवरून पोहोचतात. मग एखादा चौकस विद्यार्थी वर्गात उभा राहून विचारतो, ‘‘गुरुजी, धामण बिनविषारी असते, ती उंदीर खाते. मग ती घरी पाळली तर बिघडले कुठे?’’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे सापाविषयी भीती नसून कुतूहल आहे, आणि सापाला पाहताच काठी उचलणाऱ्या समाजात असे कुतूहल उत्पन्न होणे हे सुचिन्हच मानले पाहिजे. मुलाला दटावून गप्प बसविल्यास एक तर त्याचे कुतूहल मरते, नाही तर ते चोरून बरणीत साप ठेवण्यापर्यंत जाते. म्हणून या प्रश्नाला नीट उत्तर दिले पाहिजे. ते उत्तर प्राणिशास्त्राच्या दृष्टीने, कायद्याच्या दृष्टीने आणि शेतीच्या दृष्टीने असे तिन्ही बाजूंनी तपासता येते. तिन्ही बाजूंनी निष्कर्ष मात्र एकच निघतो. धामण जरूर पाळावी, परंतु पेटीत नव्हे. ती शेताच्या बांधावर पाळावी.

धामणीची ओळख

धामण हा भारतात सर्वत्र आढळणारा मोठा, चपळ व पूर्णतः बिनविषारी साप आहे. शास्त्रीय परिभाषेत तिला ‘टायस म्युकोसा’ असे म्हणतात. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली. पूर्ण वाढलेली धामण सामान्यतः पाच ते सात फूट लांब असते. क्वचित त्याहूनही लांब आढळते. रंग पिवळसर, तपकिरी, मातकट किंवा काळपट असा निरनिराळा असतो. शरीराच्या मागील भागावर काळे आडवे पट्टे दिसतात. डोळे मोठे, बाहुली गोल आणि ओठांच्या खवल्यांवर काळ्या उभ्या रेघा ही तिची ओळखीची खूण होय.

ती दिवसा भक्ष्य शोधते. दृष्टी तीक्ष्ण असल्याने माणसाची चाहूल लागताच बहुधा ती पळ काढते. ती झाडावर सहज चढते आणि पाण्यात उत्तम पोहते. उंदीर, घुशीची पिले, बेडूक, सरडे, पक्षी व त्यांची अंडी हे तिचे अन्न होय. अजगराप्रमाणे ती भक्ष्याला विळखे घालून मारीत नाही. शरीराच्या भाराने दाबून धरते आणि गिळते. उंदराच्या बिळात शिरून त्याचा पाठलाग करण्याची क्षमता ही तिची शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी देणगी आहे. मांजर बिळाच्या तोंडाशी थांबते. धामण आत जाते.

कोंडीत सापडल्यास ती मानेचा भाग बाजूंनी फुगवते, घोगरा आवाज काढते आणि चावतेही. या आविर्भावामुळे पुष्कळदा तिला नाग समजून ठार मारले जाते. परंतु नागाप्रमाणे तिला फणा काढता येत नाही.

जनसमजुती आणि वस्तुस्थिती

धामणीविषयी आपल्या ग्रामीण भागात जितक्या समजुती आहेत, तितक्या क्वचितच दुसऱ्या सापाविषयी असतील. ती गाई-म्हशींच्या मागील पायांना विळखा घालून दूध पिते, तिच्या शेपटीचा फटका बसल्यास अंग कुजते, ती नागाची मादी असते, अशा गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. यांपैकी एकीतही तथ्य नाही. सापाच्या तोंडाची रचना दूध ओढून घेण्यास योग्य नसते. त्याचे बाकदार, अणकुचीदार दात सडाला लागले तर जनावर शांत उभे राहणारच नाही. गोठ्यात धामण येते ती दुधासाठी नव्हे, तर पेंढ्यात व पेंडीच्या पोत्यांत राहणाऱ्या उंदरांसाठी. तिच्या शेपटीत विष नसते. नागांमध्ये नर व मादी दोन्ही असतात, तसेच धामणींमध्येही असतात. हे दोन साप मुळी एका कुळातलेही नव्हेत.

दोन साप एकमेकांना पीळ घालून, जमिनीपासून वर उचलले जात असलेले दिसले, की लोक ते मीलन समजून त्यांच्यावर वस्त्र टाकण्यास धावतात. धामणींच्या बाबतीत हे दृश्य बहुधा दोन नरांमधील झुंजीचे असते. मादीसाठी होणाऱ्या या झुंजीत ते एकमेकांना चावत नाहीत. केवळ दुसऱ्याला जमिनीवर दाबण्याचा प्रयत्न करतात. थोड्या वेळाने हरलेला नर निघून जातो. हे दृश्य दुरून पाहावे, त्यात व्यत्यय आणू नये.

मादी उंदराचे जुने बीळ, वारूळ किंवा कुजलेल्या पाल्याचा ढीग अशा उबदार व दमट जागी अंडी घालते. एका वेळी साधारणतः दहाच्या आसपास अंडी असतात. त्यांचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कठीण नसून चामड्यासारखे मऊ असते. सुमारे दोन महिन्यांनी त्यांतून फूटभर किंवा त्याहून थोडी अधिक लांबीची पिले बाहेर पडतात. ती पहिल्या दिवसापासून स्वतंत्र असतात आणि आपले भक्ष्य आपणच शोधतात.

पेटीतील साप

परदेशांतील छंदिष्ट मंडळी साप कसे पाळतात, हेही जाणून घेणे उपयुक्त आहे. पेटीची एक बाजू उबदार व दुसरी थंड ठेवणे, लपण्यास आडोसा देणे, ताजे पाणी ठेवणे, गोठविलेले उंदीर पुन्हा उबदार करून खाऊ घालणे, कात टाकण्याच्या काळात हवेतील ओलावा राखणे आणि वीण घेण्यापूर्वी काही आठवडे तापमान उतरविणे, असा त्यांचा क्रम असतो. त्यासाठी नोंदवह्या ठेवतात, पशुवैद्यकांचा सल्ला घेतात. या छंदात प्रामुख्याने अमेरिकेतील ‘कॉर्न स्नेक’ व आफ्रिकेतील ‘बॉल पायथन’ यांसारखे मंद हालचालीचे आणि अनेक पिढ्या बंदिवासातच जन्मलेले साप असतात. काही आशियाई उंदीरखाऊ सापही तेथे पाळले जातात.

आपल्या धामणीचा स्वभाव मात्र या कोंडवाड्याला अनुकूल नाही. ती दिवसभर फिरणारी, बुजरी व वेगवान आहे. पेटीत ठेवलेली रानातील धामण बाहेर पडण्यासाठी काचेवर वा जाळीवर सतत तोंड घासते. त्यामुळे तिचे नाकाड सोलवटते, तोंडाला जखमा होतात, त्या चिघळतात. पुष्कळदा ती अन्न घेत नाही. पाळणाऱ्याला वाटते, की साप आपल्याला ओळखू लागला आहे आणि शांत झाला आहे. वस्तुतः तो क्षीण झालेला असतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर व विष्ठेत ‘साल्मोनेला’ नावाचे जंतू असू शकतात, हेही लहान मुले असलेल्या घरांनी विसरता कामा नये.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. धामण हाताळण्याची सवय झालेल्या तरुणाला सापाविषयी खोटा आत्मविश्वास येतो. शेतातील गवतात नागाचे डोके दिसत नाही, केवळ पिवळसर-तपकिरी पाठ दिसते. ती धामण समजून घातलेला हात कधी कधी शेवटचा ठरतो. मण्यार व कवड्या, घोणस व अजगराचे पिलू, नाग व धामण या जोड्यांमध्ये गफलत होणे अगदी सोपे आहे. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार लोक मृत्युमुखी पडले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासात मांडला गेला. त्यात ग्रामीण भागातील मृत्यूंचे प्रमाण फार मोठे आहे. अशा देशात साप हा करमणुकीचा विषय होऊ शकत नाही.

महाराष्ट्राचा व देशाचा अनुभव

साप बाळगण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती असे नाही. टोपलीत नाग घेऊन दारोदार फिरणारे गारुडी एके काळी प्रत्येक गावाला परिचित होते. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी जिवंत नागांच्या पूजेसाठी प्रसिद्ध होती. न्यायालयाच्या आदेशांनंतर तेथील जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या. या सर्व परंपरांत सापाविषयी आदर होता, हे नाकारता येत नाही. परंतु पकडलेल्या सापांचे दात काढले जात, त्यांची उपासमार होई आणि त्यांतील अनेक साप मरत, हेही तितकेच खरे आहे.

दुसऱ्या बाजूस, शास्त्रीय व लोकोपयोगी हेतूने साप बाळगण्याची उदाहरणेही महाराष्ट्रात आहेत. १८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर मुंबईत स्थापन झालेल्या व पुढे हाफकिन यांचे नाव धारण केलेल्या संस्थेने सर्पविष व प्रतिविष यांच्या क्षेत्रात दीर्घ काळ काम केले आहे. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी जानेवारी १९८० मध्ये ७२ विषारी सापांच्या सहवासात ७२ तास काढले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांना पटविणे हा त्यामागील हेतू होता. त्यांच्याच प्रयत्नांतून १९८६ मध्ये कात्रज येथे सर्पोद्यान उभे राहिले. एका व्यक्तीचा छंद लोकशिक्षणाची संस्था कसा होऊ शकतो, याचे हे उदाहरण होय. मात्र ते साहस अनुकरणासाठी नव्हते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितली पाहिजे.

तमिळनाडूतील इरुळा जमातीची कथा याहून बोधप्रद आहे. सर्पचर्माच्या व्यापारासाठी हे लोक पिढीजात कौशल्याने साप पकडीत. धामणीचे लांबरुंद कातडे या व्यापारात विशेष मागणीचे होते. त्याचे पट्टे, पाकिटे व पादत्राणे बनून परदेशी जात. १९७० च्या दशकात कायद्याने हा व्यापार बंद झाला आणि या जमातीचे जीवनसाधन गेले. तेव्हा रोम्युलस व्हिटेकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने १९७८ मध्ये इरुळा सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. तेथे परवान्याने पकडलेल्या विषारी सापांचे विष काढले जाते आणि काही काळाने साप पुन्हा रानात सोडले जातात. त्या विषापासून बनणारे प्रतिविष देशभर प्राण वाचविते. ज्ञान तेच, हात तेच; केवळ हेतू बदलल्याने विनाशाचे रूपांतर सेवेत झाले.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये धामण संरक्षित आहे. पूर्वी तिचा समावेश दुसऱ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या सुधारणेने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, तिला पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच अनुसूचीत आता बांधावरची धामण आहे, ही गोष्ट पुष्कळ अधिकाऱ्यांनाही ठाऊक नसते.

या अधिनियमातील ‘शिकार’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. केवळ मारणेच नव्हे, तर पकडणे व सापळा लावणे हीदेखील शिकारच होय. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी नष्ट करणे किंवा त्यांना व घरट्याला धक्का लावणे यांचाही तीत समावेश आहे. म्हणजेच रानातून धामण आणून पेटीत ठेवणे आणि तिची अंडी उबविण्याचा प्रयोग करणे, हे दोन्ही छंद म्हणून करता येत नाहीत. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या अपराधास किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपयांचा दंड अशी शिक्षा आहे. शिक्षण व संशोधनासाठी परवानगीची तरतूद कायद्यात आहे, परंतु ती रीतसर अर्ज करून सक्षम अधिकाऱ्याकडून मिळवावी लागते. स्वसंरक्षणार्थ, सद्‌हेतूने करावा लागलेला बचाव हा अपराध मानला जात नाही. बत्तीस शिराळ्याच्या बाबतीतही २०२५ साली केंद्र शासनाने केवळ २१ व्यक्तींना पारंपरिक ज्ञानाच्या प्रसारासाठी मर्यादित अनुमती दिली. पूजा किंवा मिरवणुकीसाठी नव्हे.

परदेशी जातींचे साप पाळणाऱ्यांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. आंतरराष्ट्रीय करारातील यादीत असलेल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करणे २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक झाले आहे. या नोंदणीचा आधार घेऊन देशी धामण बाळगता येत नाही. तसेच कंटाळा आला म्हणून परदेशी साप रानात सोडणे हे स्थानिक जीवसृष्टीच्या दृष्टीने घातक आहे.

वसई-विरारचे बदलते रूप

आता शेतीची बाजू पाहू. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील वसई तालुक्याचा पश्चिम पट्टा हा केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. निर्मळ, आगाशी, नंदाखाल, भुईगाव या परिसरात वाडीला पाणी पुरविण्यासाठी खोदलेली ‘बावखले’ ही येथील खास ओळख. पूर्वेस भातशेती आणि त्यापलीकडे तुंगारेश्वरचे जंगल आहे. ते २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. वाडी, बावखल, भातखाचर आणि जंगल ही चारही ठिकाणे धामणीला मानवणारी आहेत. वाडीत तिला सावली मिळते, बावखलाच्या काठी बेडूक मिळतात, खाचराच्या बांधात उंदीर मिळतात आणि जुन्या बिळांत अंडी घालण्यास जागा मिळते.

या प्रदेशाचे रूप गेल्या काही दशकांत झपाट्याने पालटले. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. वस्ती वाढली, घरांची गरज वाढली. त्याबरोबर अनेक खाचरे भरावाखाली गेली, बांध सपाट झाले आणि काही बावखले बुजली. घर मिळणे ही माणसाची न्याय्य गरज आहे, यात वाद नाही. परंतु भराव टाकल्याने पाण्याची वाट बंद होते, तशीच सापाचीही होते. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत या परिसराने जे पाणी अनुभवले, त्याचे स्मरण अद्याप ताजे आहे. असे पाणी बिळांत शिरले, की साप कोरड्या जागेच्या शोधात जिन्याखाली, गोठ्यात व गाड्यांच्या खोलीत येतात. तेथे त्यांची गाठ काठीशी पडते.

साप गेले म्हणजे उंदीर जात नाहीत, ते वाढतात. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांच्या गर्भकाळानंतर विते आणि वर्षातून अनेकदा विते. शेतातील उंदीर दाणे भरताना भाताची ताटे कापतो, लोंब्या बिळात ओढून नेतो. मळणीनंतर कणगीत शिरतो. शहरात तोच उघड्या कचऱ्यावर पोसतो. पुराच्या पाण्यात त्याच्या मूत्रावाटे पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार कोकणपट्टीला व मुंबई परिसराला चांगलाच परिचित आहे. उंदरांच्या मागावर नाग व घोणसही वस्तीत येतात, हे विसरून चालणार नाही. तेव्हा धामणीच्या रक्षणाचा प्रश्न केवळ प्राणिप्रेमाचा नसून धान्याचा आणि आरोग्याचा आहे.

धामण बांधावर कशी पाळावी

मराठीत ‘पाळणे’ हे क्रियापद केवळ पिंजऱ्यापुरते नाही. आपण नियम पाळतो, पथ्य पाळतो, दिलेला शब्द पाळतो. धामण पाळावयाची ती या अर्थाने. त्यासाठी ग्रामपंचायत, शाळा आणि शासकीय कार्यालये यांना करता येण्याजोगी कामे थोडी आहेत आणि खर्चाचीही नाहीत.

पहिले काम बांधांचे. जुने रुंद बांध, वारुळे व वाडीच्या कडेची झुडपे यांचा काही भाग तरी मोकळा सोडावा. सर्व गवत एकाच वेळी जाळू नये. ग्रामपंचायतीच्या हद्दीतील बावखल, तळे व नाला बुजविण्याचा प्रस्ताव आल्यास सदस्यांनी त्याचा पाण्याच्या व जीवसृष्टीच्या दृष्टीने विचार करावा. घराच्या भिंतीलगत मात्र याच्या नेमके उलट करावे. तेथे लाकडे, विटा व पेंढा रचून ठेवू नये, कचरा साचू देऊ नये, भिंतीतील छिद्रे बुजवावीत. धामणीची जागा शेतात आहे, माजघरात नाही, ही सीमारेषा दोघांच्याही हिताची आहे.

दुसरे काम विषाचे व जाळ्यांचे. उंदीर मारण्यासाठी टाकलेले विषारी आमिष खाल्लेला उंदीर धामणीने, घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर त्यांनाही बाधा होऊ शकते. शक्य तेथे पिंजरे वापरावेत, आमिष वापरल्यास मेलेले उंदीर गोळा करून पुरावेत. वाडीभोवती जमिनीलगत लावलेल्या जुन्या नायलॉनच्या जाळ्यांत साप अडकतात आणि सुटण्याच्या धडपडीत कापले जातात. अशी जाळी जमिनीपासून थोडी उंच बांधावी व निकामी जाळी काढून टाकावी.

तिसरे काम अंड्यांचे. पायाच्या खोदाईत किंवा बांध फोडताना पांढरी, लांबट, मऊ कवचाची अंडी सापडतात. ती फोडू नयेत, घरी नेऊ नयेत आणि उलटसुलट फिरवू नयेत. सापाचे अंडे एकदा ज्या स्थितीत स्थिरावते त्या स्थितीतून उलटविल्यास आतील जीव मरण्याचा संभव असतो. खोदाई थांबवून वन विभागास कळवावे. अशी संकटात सापडलेली अंडी वन विभागाच्या देखरेखीखाली उबवून पिले योग्य अधिवासात सोडता येतात. धामणीची वीण घेण्याची हौस ज्या तरुणांना आहे, त्यांनी या कामात अनुभवी व अधिकृत सर्पमित्रांचे साहाय्यक म्हणून शिकावे. यात हौसही पुरी होते आणि कायदाही पाळला जातो.

चौथे काम शिक्षकांचे. प्रत्येक शाळेत नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी सापांची आणि धामण, दिवड, कवड्या, तस्कर, नानेटी व अजगर या बिनविषारी सापांची मोठी रंगीत चित्रे असावीत. जिवंत साप वर्गात आणून दाखविण्याची आवश्यकता नाही. त्याऐवजी विद्यार्थ्यांनी दिसलेल्या सापाची तारीख, जागा, वेळ व वर्तन यांची नोंदवही ठेवावी. सापापासून किमान दहा-बारा फूट अंतर राखावे. शेतात राबणाऱ्या वारली व कातकरी बांधवांकडे बिळांचे आणि सापांचे जे निरीक्षण असते, तेही या वहीत यावे. पाच वर्षांची अशी वही हा गावाचा मौल्यवान दस्तऐवज ठरेल.

पाचवे काम तयारीचे. साप घरात आल्यास त्याच्यावर दुरून नजर ठेवावी, मुलांना व जनावरांना दूर करावे आणि वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर किंवा अधिकृत सर्पमित्रास कळवावे. सापासह छायाचित्रे काढणाऱ्या व त्याचे खेळ करणाऱ्या व्यक्तीस सर्पमित्र म्हणू नये. धामण चावल्याची निश्चित खात्री असल्यास जखम साबणाने धुऊन डॉक्टरांकडून धनुर्वाताची लस घेणे पुरेसे असते. परंतु थोडीही शंका असल्यास तो विषारी दंश समजूनच वागावे. चावलेला अवयव हलू देऊ नये, आवळून बांधू नये, चिरू नये. मांत्रिकाकडे वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सर्पदंश प्रतिबंधाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून, सर्पदंशाने होणारे मृत्यू व अपंगत्व २०३० पर्यंत निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. आपल्या आरोग्य केंद्रात प्रतिविषाचा साठा आहे किंवा नाही, याची पावसाळ्यापूर्वी चौकशी करणे हे प्रत्येक पंचायत सदस्याचे कर्तव्य होय.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर

वर्गात उभ्या राहिलेल्या त्या चौकस विद्यार्थ्याला आता काय सांगावे? त्याला सांगावे, की तुझी आवड चांगली आहे. ती सोडू नकोस. परंतु पेटीतील धामण एकट्या तुझी असते आणि ती फार दिवस जगत नाही. बांधावरची धामण साऱ्या गावाची असते. ती मजुरी न घेता शेत राखते, आणि भात कापणीला येतो तेव्हा तिने वाचविलेल्या लोंब्या कोणी मोजून दाखवीत नसले, तरी त्या खळ्यावर येतात. तिला खाऊ घालावे लागत नाही, तिची पेटी साफ करावी लागत नाही. तिच्यासाठी एवढेच करावयाचे, की ती दिसताच उचललेली काठी खाली ठेवावयाची आणि तिला बिळापर्यंत जाऊ द्यावयाचे.

वसई-विरारच्या एखाद्या वाडीत, बावखलाच्या काठी, पावसाळ्याच्या तोंडावर अशी एखादी धामण आजही दिसते. पुढच्या पिढीलाही ती तेथेच दिसावी, ही जबाबदारी त्या वाडीच्या मालकाची आहे, गावाच्या पंचायतीची आहे आणि मुलांना साप ओळखावयास शिकविणाऱ्या शिक्षकाचीही आहे.